गोळीची आठवण करून देणारं अ‍ॅप: वापरतात सगळे, पैसे कोणीच देत नाही

गोळीबार (धागाकर्ता)

बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. सांभाळून घ्या.

पोटापाण्यासाठी मी दुसऱ्यांची सॉफ्टवेअरं लिहितो. दोन वर्षांपूर्वी आईच्या गोळ्या वाढल्या. सकाळी चार, दुपारी एक, रात्री तीन, त्यातली एक दिवसाआड. तीनचार तयार अ‍ॅप्स तिच्या फोनवर टाकून पाहिली. एकाची अक्षरं तिला दिसेनात, दुसरं गोळी घेतली की फुगे उडवायचं, तिसऱ्याने पहिल्याच मिनिटाला कार्डाचा नंबर मागितला. शेवटी रात्री जागून स्वतःच एक केलं. मोठी अक्षरं, गोळीचा रंग आणि आकार, आणि दोन बटणं: 'घेतली' आणि 'नंतर'. संपलं.

आईला जमलं म्हणून स्टोअरवर चढवलं. लोक वापरू लागले, पत्रं येऊ लागली. आता ही हौस म्हणजे अर्धी नोकरी झाली आहे आणि मिळकत शून्य. 'ऐच्छिक मदत करा' असं एक बटण ठेवलंय, ते आजवर फक्त माझ्या मेव्हण्याने दाबलं.

मला तीन वाटा दिसतात. जाहिराती लावायच्या. सबस्क्रिप्शन लावायचं. तिसरी वाट मागच्या आठवड्यात मेलमधून चालत आली: एका कंपनीला वापरकर्त्यांची 'निनावी' माहिती हवी आहे, म्हणजे कोणतं औषध, कोणत्या वयाचा माणूस, किती वेळा चुकवतो. दर महिन्याला ठरावीक रक्कम देतो म्हणतात. रक्कम चांगली आहे, खोटं कशाला बोलू.

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

बिनधास्त_बाबुराव

यात विचार कसला करायचा? खाली एक जाहिरातीची पट्टी लावा, झोपा. फुकट हवंय ना लोकांना, मग पट्टी सोसा म्हणावं.

रिकामटेकडी

नावावर जाऊ नका, सात वर्षं आरोग्याच्याच अ‍ॅप्सवर काम केलंय. कुठे ते विचारू नका.

बाबुराव, पट्टी दिसते तेवढी साधी नसते. जाहिरातीचं किंवा वापर मोजणाऱ्या अ‍ॅनालिटिक्सचं एसडीके, म्हणजे दुसऱ्या कंपनीचा तयार कोड, आत टाकलं की ते बाहेर बोलायला लागतं. फ्लो या पाळीच्या अ‍ॅपचं २०२१ चं प्रकरण आठवा. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्यांना पकडलं, ते कोणाला फाइल विकली म्हणून नव्हे. अ‍ॅपमध्ये कोण काय करतं हे मोजायला डेव्हलपर घटनांना नावं देतात. यांच्या एका घटनेचं नाव होतं 'आर प्रेग्नन्सी वीक चोझन', म्हणजे बाईने गरोदरपणाचा आठवडा निवडला. ही घटना फेसबुक आणि गुगलच्या अ‍ॅनालिटिक्सकडे जात होती. अ‍ॅप मात्र सांगत होतं की तुमची माहिती आमच्यापाशीच राहील.

तुमच्या धंद्याच्या अगदी जवळचं उदाहरण गुडआरएक्सचं. औषधांवर सवलतीची कुपनं देणारी ही सेवा. कोण कोणती औषधं घेतं त्याच्या याद्या करून त्यांनी त्या फेसबुकवर चढवल्या, त्याच लोकांना जाहिराती दाखवायला. फेब्रुवारी २०२३ मध्ये १५ लाख डॉलर दंड झाला. पुढच्याच महिन्यात बेटरहेल्प ही ऑनलाइन समुपदेशन कंपनी ७८ लाख डॉलर भरायला तयार झाली, कारण तेच.

आणि तिसऱ्या वाटेबद्दल. 'निनावी' या शब्दावर विसंबू नका. लतान्या स्वीनी यांनी २००० सालीच दाखवलं होतं, की अमेरिकेतल्या ८७ टक्के लोकांना फक्त जन्मतारीख, लिंग आणि पिन कोड एवढ्यावरून वेगळं काढता येतं. तुमच्याकडे तर आठ गोळ्यांची यादी आहे. आठ गोळ्यांची यादी म्हणजे जवळपास नावच की हो.

बिनधास्त_बाबुराव

अहो पण मोठ्या कंपन्यांचं ठीक आहे. याच्यासारख्या एकट्या माणसाकडे कोण बघायला येतंय?

रिकामटेकडी

कोणी बघायला येत नाही म्हणून चालतं, हे वाक्य मी ज्या बैठकीत ऐकलं होतं ती कंपनी आता नाही.

गोळीबार

एक कबुली द्यायची आहे.

ताई, तुमचा प्रतिसाद वाचून काल रात्री माझाच कोड उघडला. सुरुवातीला क्रॅश कुठे होतात ते कळावं म्हणून एक फुकटचं अ‍ॅनालिटिक्स टाकलं होतं. त्यात 'गोळी जोडली' ही घटना आहे. आणि त्या घटनेसोबत मी औषधाचं नाव पाठवतोय! दोन वर्षं. का, तर कुठली नावं लांब असतात आणि पडद्यावर मावत नाहीत ते मला बघायचं होतं. तो डॅशबोर्ड मी एकदाच उघडून पाहिला होता.

विकायचा विचार आठवड्यापूर्वीचा, फुकट वाटणं मात्र आधीपासून चालू. आज ते एसडीके काढून टाकलं, साठलेली माहिती पुसायची विनंती पाठवली, आणि सगळ्या वापरकर्त्यांना अ‍ॅपमध्येच सूचना लावली की असं असं झालं होतं. चौघांनी खडसावलं. एकाने आभार मानले, ते जास्त लागलं.

शून्य_बग

_/\_ सूचना लावलीत हे फार कमी लोक करतात.

स्टेथो

मी डॉक्टर आहे, धंद्यातलं कळत नाही, पण एकदोन गोष्टी पोटतिडकीने सांगतो.

पहिली म्हणजे अ‍ॅप काय करतं यापेक्षा ते काय करतो *म्हणतं* त्यावर बरंच ठरतं. 'आठवण करून देतं' म्हणालात तर ते एक प्रकारचं गजराचं घड्याळ. 'डोस ठरवतं', 'निदान करतं' म्हणालात की बऱ्याच देशांच्या नियमांत ते वैद्यकीय उपकरण होतं आणि पुरावे मागितले जातात. मागे इन्स्टंट ब्लड प्रेशर नावाचं अ‍ॅप होतं. फोन छातीला टेकवायचा, बोट कॅमेऱ्यावर ठेवायचं, रक्तदाब पडद्यावर. धडाक्यात खपलं. २०१६ मध्ये संशोधकांनी तपासलं तर ज्यांचा रक्तदाब खरोखर वाढलेला होता अशा दर पाचांतल्या जवळजवळ चौघांना अ‍ॅप सांगत होतं की सगळं ठीक आहे. आता फक्त फोनच्या सेन्सरवर रक्तदाब किंवा रक्तातली साखर मोजायचा दावा करणारी अ‍ॅप्स अ‍ॅपलच्या नियमांत बसतच नाहीत.

दुसरी जास्त महत्त्वाची. गोळीबार, तुमच्या अ‍ॅपमध्ये नवीन औषध टाकताना 'किती वेळा' या रकान्यात आधीपासून काय भरलेलं असतं?

गोळीबार

'रोज'. बहुतेक गोळ्या रोजच्याच असतात म्हणून.

स्टेथो

तेच भीत होतो. मेथोट्रेक्सेट नावाचं औषध आहे, संधिवातात देतात. *आठवड्यातून एकदा.* ते चुकून रोज घेतलं गेलं तर अस्थिमज्जा दबते, माणूस दगावतो. औषधांच्या चुकांमध्ये ही जुनी, पुन्हापुन्हा होणारी चूक आहे. तुमचा वापरकर्ता चष्मा न लावता 'पुढे, पुढे, पुढे' दाबत जाणार आणि तुमचं गोड मोठ्या अक्षरांचं अ‍ॅप त्याला रोज सकाळी त्या गोळीची आठवण करून देणार. रकाना रिकामा ठेवा. माणसाला स्वतः निवडू दे, दोन सेकंद जास्त लागली तरी चालतील.

तसंच 'सकाळची राहिली, आता घ्या' असलं काही अ‍ॅपने स्वतःहून सांगू नये. राहिलेल्या गोळीचं काय करायचं ते औषधागणिक बदलतं. 'डॉक्टरांना किंवा औषधविक्रेत्याला विचारा' एवढंच लिहा. कंटाळवाणं आहे, माहीत आहे.

गोळीबार

डॉक्टर, मी 'नंतर' दाबून राहून गेलेल्या गोळ्या पुढच्या वेळेच्या यादीत टाकत होतो. सोय म्हणून. म्हणजे रात्री दोन एकदम दिसायच्या. आत्ताच्या आत्ता काढतो.

बिनधास्त_बाबुराव

मूळ प्रश्न पैशाचा होता, आता अ‍ॅप चालू राहील की नाही अशी शंका येतेय :)

आजीबाईचा_बटवा

मी वापरणाऱ्यांच्या बाजूने बोलते. वय सत्तरीकडे झुकलंय, रोजच्या सहा गोळ्या.

पैसे द्यायला माझी ना नाही. एका ध्यानाच्या अ‍ॅपला वर्षभराचे दिले होते. सात दिवस फुकट म्हणाले, आठव्या दिवशी वर्षाची रक्कम गेली, आणि बंद कुठून करायचं ते सापडेपर्यंत माझं चित्त काही शांत राहिलं नाही. दुसरं एक चालण्याचं अ‍ॅप होतं. आजारी होते, तीन दिवस अंथरुणात, तर चौथ्या दिवशी म्हणे 'तुमची साखळी तुटली'. मी म्हटलं मेल्या, मी तुटता तुटता राहिले.

गोळ्यांच्या अ‍ॅपबद्दल एक अनुभव. मोठी अक्षरं, दोनच बटणं, फार आवडलं होतं. पण पहिले पाचसहा दिवस नीट वाजायचं आणि मग एकदम मुकं व्हायचं. अ‍ॅप उघडून बघितलं की परत वाजायला लागायचं. नातवाला दाखवलं तर त्याच्यासमोर बरोबर चालायचं. शेवटी काढून टाकलं. कुठलं होतं ते नाव आता आठवत नाही.

गोळीबार

आजी, फोन आयफोन आहे का? आणि गोळीच्या चित्राभोवती निळी चौकट होती का?

आजीबाईचा_बटवा

हो, मुलाचा जुना. निळी चौकट होती. तुम्हाला कसं कळलं?

गोळीबार

माझंच अ‍ॅप आहे ते.

शून्य_बग

आणि मला रोगही कळला. आयफोन कोणत्याही अ‍ॅपची आधीच लावून ठेवलेली फक्त ६४ स्थानिक नोटिफिकेशनं सांभाळतो. सगळ्यात जवळची ६४ ठेवतो, पुढची मुकाट टाकून देतो, त्रुटीसुद्धा दाखवत नाही. आजींच्या सहा गोळ्या, प्रत्येकीला तू एक मूळ गजर आणि एक 'विसरलात का' असा दुसरा लावतोस असं धरू. दिवसाचे बारा. पाच दिवसांचे साठ. सहाव्या दिवशी चार वाजतात आणि मग शांतता. अ‍ॅप उघडलं की तुझा कोड पुन्हा ६४ भरतो. नातवाने उघडलं, म्हणून चाललं. तुझ्या आईकडे तू स्वतः येता-जाता उघडून बघत असणार, म्हणून तुला कधी दिसलं नाही.

उपाय: रोज त्याच वेळी येणाऱ्या गोळ्यांना पुनरावृत्तीचा एकच गजर लाव, तो एकच मोजला जातो. एकाच वेळच्या गोळ्या एका नोटिफिकेशनमध्ये गुंफ. आणि शेवटची एक जागा 'कृपया अ‍ॅप उघडा' या सूचनेसाठी राखून ठेव.

अँड्रॉइडवर दुखणं वेगळं. १३ व्या आवृत्तीपासून नोटिफिकेशनची परवानगी मागून घ्यावी लागते, १४ पासून ठरल्या क्षणी वाजणाऱ्या गजराची परवानगी बहुतेक नव्या अ‍ॅप्सना आपोआप मिळत नाही, आणि वर काही फोन बॅटरी वाचवायच्या नादात अ‍ॅपच झोपवून टाकतात. रोज सकाळी अ‍ॅपने स्वतःची नाडी तपासावी: परवानग्या आहेत का, पुढचे गजर लागलेत का. नसतील तर मोठ्या लाल अक्षरांत सांगावं.

गोळीबार

दिवसाचे बारा, तंतोतंत. दोन वर्षं मी समजत होतो की लोक कंटाळून सोडून जातात.

रिकामटेकडी

हा या धाग्यातला सगळ्यात महागडा बग असणार. सोडून जाण्याला आपण सगळेच 'लोकांना चिकाटी नाही' असं नाव देऊन मोकळे होतो. तशी चिकाटी कमी असतेच म्हणा: मानसिक आरोग्याच्या ९३ अ‍ॅप्सवरचा २०१९ चा एक अभ्यास आहे, त्यात तिसाव्या दिवशी अ‍ॅप उघडणारे जेमतेम ३.३ टक्के होते, मध्यक धरून. पण त्यातले कितीजण कंटाळले आणि कितीजणांचं काम झालं, ते नुसत्या आकड्यातून दिसत नाही.

आता पैशांबद्दल. सबस्क्रिप्शन लावण्याआधी एकच प्रश्न विचारते: माणसाची गरज संपणारी आहे की न संपणारी? सिगारेट सोडायचं अ‍ॅप नीट चाललं तर माणूस निघून जातो. निद्रानाशावरची वर्तनोपचार पद्धत सहा ते आठ आठवड्यांची असते. अशा अ‍ॅपने आपोआप नूतनीकरण होणारी वार्षिक वर्गणी लावायची म्हणजे विसराळूपणावर पोट भरायचं. तिथे एकदाच पैसे घ्यावेत आणि निरोप द्यावा. पण मग गुंतवणूकदाराला कमाईचा आलेख वर जाताना दिसत नाही. म्हणून अ‍ॅपच्या पोटात साखळ्या, बिल्ले, 'आज तुमची आठवण आली' सुरू होतं. वजन कमी करायला लावणाऱ्या नूमने आपोआप नूतनीकरणाच्या खटल्यात २०२२ मध्ये ५ कोटी ६० लाख डॉलर रोख आणि वर ६० लाखांचं सबस्क्रिप्शन देऊन तडजोड केली, ते उगाच नाही.

तुमची गरज न संपणारी आहे. रक्तदाबाची गोळी बहुतेकांना आयुष्यभर. म्हणजे वर्गणी घ्यायला तुमच्याइतका प्रामाणिक हक्क क्वचितच कोणाला असेल. फक्त गजरावर पैसे लावू नका. जे फुकट होतं ते कुलूपबंद केलं की लोक विसरत नाहीत. खाण्याच्या नोंदी ठेवणाऱ्या मायफिटनेसपालने २०२२ मध्ये बारकोड स्कॅनर फक्त पैसे भरणाऱ्यांपुरता ठेवला तेव्हा किती शिव्या खाल्ल्या होत्या.

पायी_चालणारा

अवांतर: साखळीवरून आठवलं. दिवसाला दहा हजार पावलं हा आकडासुद्धा वैद्यकशास्त्रातून आलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये एक पावलं मोजायचं यंत्र विकायला आलं, त्याचं नावच 'मानपो-केई', दहा हजार पावलांचं मीटर. जाहिरातीचा आकडा, आता प्रत्येक मनगटावर बसलाय. (झोप मोजणाऱ्या घड्याळाच्या चिंतेने झोप उडते त्यालाही २०१७ पासून 'ऑर्थोसोम्निया' असं नाव आहे. मला झाला होता. घड्याळ काढून ठेवलं, बरा झालो.)

शून्य_बग

गजर फुकट, मान्य. मग विकायचं काय? माझं मत: पैसे देणारा आणि गोळी घेणारा हे दोन वेगळे लोक आहेत. तू हे अ‍ॅप कोणासाठी केलंस? आईसाठी. काळजी कोणाला? तुला. दुसऱ्या घरात राहणाऱ्या मुलाला 'आईने दुपारची घेतली' एवढा निरोप मिळणं, याला तो पैसे देईल. आणि डॉक्टरांना दाखवायला महिन्याचा एक पानी अहवाल.

हिशेबही फार वाकडा नाही. वर्षाला दहा लाख डॉलरच्या आत कमावणाऱ्यांना अ‍ॅपलच्या छोट्या व्यावसायिकांच्या योजनेत ३० ऐवजी १५ टक्के कापले जातात, त्यासाठी अर्ज मात्र करावा लागतो. गुगलनेही सबस्क्रिप्शनवरचा वाटा २०२२ मध्ये १५ वर आणला. तुझी बहुतेक माहिती फोनवरच राहते, सर्व्हरवर फक्त 'घेतली, नाही घेतली' जाईल. औषधाचं नाव नको, पहिला क्रमांक, दुसरा क्रमांक पुरे. आणि स्टोअरमध्ये बिलिंगचा सवलत-काळ (पैसे अडले तरी काही दिवस वर्गणी चालू ठेवणारा) चालू करून ठेव, नाहीतर कार्डाची मुदत संपली म्हणून पैसे देणारं गिऱ्हाईक परस्पर कटतं.

बिनधास्त_बाबुराव

डॉक्टरांनी चिठ्ठीवरच अ‍ॅप लिहून दिलं तर? विमा कंपनी पैसे भरेल, आपल्याला कटकट नको.

रिकामटेकडी

पेअर थेराप्युटिक्सने नेमकं तेच केलं होतं. २०१७ मध्ये त्यांच्या व्यसनमुक्तीच्या अ‍ॅपला एफडीए या अमेरिकी औषध नियामकाची मंजुरी मिळाली, डॉक्टरांनी लिहून द्यायचं अ‍ॅप. एप्रिल २०२३ मध्ये दिवाळखोरी. मंजुरी मिळाली, चिठ्ठ्याही मिळाल्या, विमा कंपन्यांकडून पैसे सुटेनात. एकट्या माणसाने त्या वाटेला जाऊच नये.

स्टेथो

मुलाला निरोप जाण्याची कल्पना चांगली आहे, पण आईची संमती आईच्या फोनवर, आईच्या हाताने घ्या. आणि ती कधीही बंद करता आली पाहिजे, मुलाला न विचारता.

अजून एक. विसरणं हे गोळ्या चुकण्याचं एकमेव कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्येच लिहिलं होतं, की विकसित देशांतसुद्धा जुनाट आजारांत औषधं नियमित घेणारे सरासरी निम्मेच. त्यातल्या अनेकांना आठवण पक्की असते. गोळीने चक्कर येते, पोट बिघडतं, किंवा बरं वाटतंय तर कशाला, असं असतं. 'घेतली' आणि 'नंतर' याच्या शेजारी 'घेत नाहीये' असं तिसरं बटण ठेवा. माझ्या दवाखान्यात त्या बटणाचा कागद आणणारा पेशंट मला हवा आहे.

वाट_चुकलेला

वाखुसा (वाचनखूण साठवली).

गोळीबार

धागा वर काढतोय, तीन महिन्यांनी.

माहिती मागणाऱ्या कंपनीला 'नाही' असं कळवलं. ६४ चा बग दुरुस्त केला, आणि महिन्याने अ‍ॅप काढून टाकणारे निम्म्यावर आले. 'रोज' हा आधीपासून भरलेला शब्द काढला. तिसरं बटण ठेवलं. गजर कायमचा फुकट, कुटुंबाला निरोप आणि डॉक्टरांचा अहवाल यांना वार्षिक वर्गणी. वर्गणी संपायच्या सात दिवस आधी मीच कळवतो आणि बंद करायचं बटण पहिल्याच पानावर आहे. बाबुराव हसतील, पण लोक देतायत. नोकरी सोडण्याइतकं नाही. स्टोअरची फी, सर्व्हर आणि माझे शनिवार-रविवार निघतात.

अजून एक अडचण आहे, ती कोडने सुटेल असं वाटत नाही. मागच्या रविवारी आईकडे होतो. सकाळचा गजर वाजला. ती उठली, 'घेतली' दाबलं, फोन ठेवला आणि झाडांना पाणी घालायला गेली. गोळी डबीतच. विचारलं तर म्हणाली, "घेते रे मागाहून. पण दाबलं नाही तर तुला तिकडे ऑफिसात निरोप जातो, मग तू फोन करत बसतोस."

म्हणजे मी ज्याचे पैसे घेतोय त्याच निरोपामुळे ती खोटं दाबतेय. यावर काय करायचं?

आजीबाईचा_बटवा

मी नवं घातलंय फोनवर, आता सहाव्या दिवशीही वाजतं. वर्गणी मुलाने भरली.

दाबायचं म्हणाल तर मीही आधीच दाबते.